मृगाच्या आत दुसरा डोस

उद्या सकाळी आमच्या दोन्ही लेकरांचा फ्लूच्या लसीचा दुसरा डोस आहे. आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत, बाहेर पाऊस, लाईट गेलेली, बाळ मांडीवर झोपलंय आणि मी एका हाताने मोबाईलवर टाइप करायलेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शाळेची बाई म्हणून हसू नका. महिन्यापूर्वी पहिल्या डोसच्या वेळी मी लसीच्या बॉक्सचा फोटो आमच्या शिक्षिकांच्या ग्रुपवर टाकला तर धडाधड मेसेज सुरू, सर्दीला कसली आलीय सुई, सरकारी आहे का, एवढे पैसे कशाला घातले, आमच्या लेकराला तर सुई दिल्यावरच ताप आला होता. एकेकीला उत्तर देऊन बोटं दुखली, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

सर्दीला सुई नसते हे आधीच कबूल. ही लस सर्दीची नाहीच मुळी. आपल्याकडं सगळ्यालाच व्हायरल म्हणायची सवय लागलीय, नाक गळायलं तरी व्हायरल आणि १०४ ताप आला तरी व्हायरलच. मला तरी कुठं फरक कळत होता, मागच्या जुलैपर्यंत.

मागच्या जुलैत चिऊ साडेतीन वर्षांची होती आणि मला सहावा महिना चालू होता. दुपारपर्यंत अंगणात चिखलात खेळत होती, दिवे लागणीला आली आणि म्हणाली आई थंडी वाजतीय. हात लावला तर तवा. सर्दी कशी दोन दिवस आधीपासून नाकात कुरकुर करत येते, हे तसं नाही, पंगतीत न सांगता पाव्हणं येऊन बसावं तसं आलं. रात्री १०३. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकची बाटली दिली, पॅरासिटामॉल दिलं की तीन तास उतरायचा, पुन्हा चढायचा, पोरगी ना खाईना ना पाणी पिईना, ओठाची सालं निघायली. तिसऱ्या दिवशी परभणीत लेकरांच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी नाकात काडी घालून टेस्ट केली, इन्फ्लुएंझा बी, म्हणजे फ्लूचा बी प्रकार, निघाला. म्हणाले हा विषाणू आहे, ह्याच्यावर अँटिबायोटिक काही करत नाही, बंद करा. फ्लूवर औषध असतं, ओसेल्टामिविर, पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर खरा उपयोग, तुम्ही आलात तिसऱ्या दिवशी. एक रात्र सलाईनवर ठेवली.

पाचव्या दिवशी ताप गेला, आम्ही घरी, सगळे खूश. सहाव्या दिवशी सकाळी चिऊ पलंगावरून खाली उतरली आणि मटकन बसली. उभी केली तर टाचा टेकवीना, चवड्यावर दोन पावलं टाकली आणि रडायली, आई माझे पाय मोडले. पोटऱ्यांना हात लावू देईना. त्या क्षणाला माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहित नाही, पोलिओपासून सगळं आलं. सहा महिन्यांचं पोट घेऊन मी तिला उचलायला गेले तर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हातातून काढून घेतली आणि चप्पल न घालताच रिक्षाकडं पळाले. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून बघितल्या, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, रक्त तपासलं आणि म्हणाले घाबरू नका, फ्लू उतरताना काही लेकरांच्या पोटऱ्यांचे स्नायू सुजतात, बी प्रकारात जास्त दिसतं, आपोआप जाईल. चार दिवसांत गेलंसुद्धा. पण ते चार दिवस पोरगी मामांच्या खांद्यावरून संडासला जायची हो.

तिथंच डॉक्टरांनी विचारलं, फ्लूची लस दिली होती का? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सर सगळ्या लसी झाल्यात, कार्ड पूर्ण भरलंय, मी स्वतः मास्तरीण आहे. ते फक्त हसले.

तर ह्या कार्डाची गोष्ट. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जे कार्ड मिळतं, बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची मिळून एक सुई), रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला, त्यात फ्लूची लस नाहीच. सरकारी कार्यक्रमात ती नाही. लेकरांच्या डॉक्टरांची देशपातळीवरची जी संघटना आहे, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, तिच्या वेळापत्रकात मात्र आहे, सहा महिने पूर्ण झाले की पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, आणि मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी एक. म्हणजे कार्ड भरलं याचा अर्थ सरकारी यादी संपली, एवढाच.

त्या रात्री आमच्या ह्यांनी गुगल केलं आणि विजयी चेहऱ्याने फोन माझ्यासमोर धरला, हे बघ, पेंटाव्हॅलंटमध्येच इन्फ्लुएंझा आहे की, तो डॉक्टर काहीही सांगतोय. वाचलं तर खरंच लिहिलेलं, हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी. आता आली का पंचाईत, हा पण इन्फ्लुएंझा आणि हा पण बी! पुढच्या फेरीला डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की तो एक जिवाणू आहे, मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा, त्याचा फ्लूशी काही संबंध नाही. १८९२ साली फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या पेशंटच्या कफात तो सापडला आणि त्याला वाटलं हाच फ्लूचा कर्ता, म्हणून तसं नाव पडलं. खरा विषाणू माणसात सापडला १९३३ मध्ये. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, आणि सव्वाशे वर्षांनी परभणीत नवरा-बायकोची भांडणं लावायलं.

माझ्या गायनॅक मॅडमनी चिऊचं ऐकलं आणि पहिले मलाच टोचलं. गरोदर बाईला फ्लू झाला तर तो जड जातो, आणि दुसरं म्हणजे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, मग त्याला पहिले काही महिने जे संरक्षण मिळतं ते आईच्या रक्तातूनच. गरोदर बायांना आपल्या राज्यात ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे मला तेव्हा कळलं. तोवर खासगीत पैसे मोजून झाले होते.

चिऊला सप्टेंबरात लस दिली. पहिल्यांदाच घेणाऱ्या, नऊ वर्षांच्या आतल्या लेकराला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, कारण पहिल्याने शरीराला फक्त ओळख होते, दुसऱ्याने खरं बळ येतं. तर तिचा दुसरा डोस आला ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबरात मी बाळंतीण. राहिला. कुणाच्याच डोक्यात आलं नाही, फाइल कपाटात, मी खाटेवर, शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू. म्हणून यंदा डॉक्टर म्हणाले हिला पुन्हा दोन घ्या, आणि बाळ आता सहा महिन्यांच्या वर गेलं तर त्याचे दोन. झाले चार.

खरा वाद घरात झाला तो "दरवर्षी" ह्या शब्दावर. मामा म्हणाले, देवीची एकदाच टोचली, अजून वण हाय दंडावर, ही दरसाल काऊन? धंदा हाय सगळा. मी आपलं सांगायले की विषाणू रूप बदलतो, दरवर्षी वेगळा येतो, जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लसीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते. मामा ऐकून घेत होते, तंबाखू मळत होते, आणि एकदम म्हणाले, म्हंजी बोंडअळीवानी. बीटी कापूस आला तवा अळी पटापटा मरायची, मग गुलाबी अळीनं पचिवलं, आता बीटीला भीत न्हाई. मी म्हटलं अगदी तसंच नाही मामा, अळी औषधाला सरावली, हा विषाणू कुणी लस घेवो न घेवो आपला अंगरखा बदलतच राहतो. ते म्हणाले एकच की, गेल्या सालचं औषिद औंदा चालत न्हाई एवढं कळालं. मला वर्गात आठ तास बोलून जे जमत नाही ते त्यांनी एका चिमटीत केलं.

ह्या अंगरख्यावरून एक गंमत सांगते. आधी लसीत चार प्रकार असायचे, दोन ए आणि दोन बी. त्यातला बीचा यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठंच खात्रीने सापडला नाही. कोरोनात आपण सगळे तोंडं बांधून घरात बसलो, त्यात हा बिचारा मेला असावा. म्हणून २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की आता त्याला लसीत घालायची गरज नाही. त्यामुळं कुठं तीनवाली दिसली तर कमी मिळाली म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. आणि २००९ चा तो स्वाइन फ्लू आठवतो का? मी तेव्हा डीएडला होते, ऑगस्टात पुण्यात पहिला मृत्यू झाला आणि इकडं परभणीच्या स्टँडवर पण लोक रुमाल बांधून फिरायले, निलगिरीचे थेंब, कापराच्या पुड्या. तो एच१एन१ कुठं गेला नाही, तोच आता साधा फ्लू म्हणून दरवर्षी येतो आणि लसीतल्या दोन ए मधला एक तोच. आत्या, म्हणजे सासूबाई, तर त्याच्याही मागं गेल्या, त्यांची आजी म्हणे मानमोडीच्या गोष्टी सांगायची, निजामाच्या राज्यात घराघरातून माणसं गेली, पोचवून यावं तर दुसरं तयार. १९१८ ची ती मानमोडी म्हणजे हाच फ्लू, हे मी त्यांना सांगितलं तर किती वेळ गप्पच बसल्या.

पण आत्यांचा मुद्दा वेगळा होता. त्या माळकरी. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की ही लस अंड्यात बनते. झालं. खोटं म्हणावं तर खोटं नाही, बहुतेक फ्लूच्या लसींचा विषाणू कोंबडीच्या उबवत्या अंड्यात वाढवतात, मग तो मारून, गाळून, शुद्ध करून त्याचे तुकडे लसीत घेतात, अंड्याचा राहिलाच तर नावाला अंश. मारलेला असतो म्हणूनच लसीने फ्लू होत नाही, दंड किंवा मांडी दुखते, एखाद दिवस अंग तापतं, आमच्या बाळाला १०० आला आणि दुसऱ्या दिवशी खेळायलं. अंड्याची ॲलर्जी असलेल्या लेकरालासुद्धा आता देतात, फक्त डॉक्टरांना आधी सांगायचं. हे सगळं मी आत्यांना सांगितलं. त्यांनी देवापुढं निरांजन लावलं, बाळाला जवळ घेतलं, त्याचा गळा बघितला आणि म्हणाल्या, लेकराच्या गळ्यात कुठं माळ हाय अजून, टोचून आणा. विषय संपला.

आता बॉक्सवरचं. बॉक्सवर साउदर्न हेमिस्फिअर लिहिलेलं बघून भूगोलाच्या आमच्या सरांनी ग्रुपवर लगेच शंका काढली की मॅडम आपण उत्तर गोलार्धात राहतो, तुम्हाला ऑस्ट्रेलियाची लस दिली. शंका बरोबर आहे. पण युरोप-अमेरिकेत फ्लू येतो त्यांच्या थंडीत, आणि आपल्याकडं मोठी लाट येते पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ज्या वेळी ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत अजून एक छोटी येते, परभणीची थंडी तर पेपरात फोटोसकट येते, सांगायला नको. तर एप्रिल-मेमध्ये जी ताजी लस मिळते ती बहुधा दक्षिणेची असते आणि आपल्या पावसाला तीच उपयोगी. तुम्ही फक्त एवढं बघा की बॉक्सवर वर्ष चालू हंगामाचं आहे आणि एक्स्पायरी झालेली नाही.

वेळ महत्त्वाची आहे हे मात्र मला मामांनाच समजावून सांगता आलं. टोचल्यावर साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण तयार होतं. मी म्हटलं मामा, सोयाबीनला बीजप्रक्रिया कधी करता, पेरायच्या आधी का उगवल्यावर? मग आमचं कॅलेंडर असं ठरलं की अक्षय तृतीया झाली की पहिला, आणि मृगाच्या आत दुसरा. शाळा उघडेपर्यंत दोन आठवडे भरतात. उशीर झाला तर घेऊच नये असं नाही, पावसाळ्यात पण देतात, पण गाडी सुटल्यावर तिकीट काढल्यासारखं नको वाटतं.

आणि हो, घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं मी कुणाला सांगितलेलं नाही. लसीतला आणि साथीतला विषाणू चांगला जुळला त्या वर्षी दवाखान्यापर्यंत जायची वेळ येण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, एवढंच. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मग अर्धवटच की. असेल अर्धवट. चवड्यावर चालणारं लेकरू बघितल्यावर मला अर्धवट पण चालतं. सर्दी, खोकला, नाक गळणं हे बाकीच्या शंभर विषाणूंनी होतच राहणार, चिऊचं नाक आत्ताही वाहायलंय, आणि ह्याचा दोष लसीला देऊ नका. ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध हे पण चालू द्या, कोण नको म्हणतंय.

पैसे. एका डोसचे डॉक्टरांनी छापील किमतीत कमी करून १,७५० घेतले, चार डोसचे ७,०००. दोघं नोकरीला असलेल्या घराला पण हे बिल टोचतं, सुईपेक्षा जास्त. आणि इथंच माझी खरी गोची होते. माझी शाळा जिल्हा परिषदेची, गावाकडं, माझ्या वर्गात ३१ लेकरं. जुलै-ऑगस्टची हजेरी उघडली की त्या दोन महिन्यांच्या पानावर भोकं पडल्यासारखी दिसतात, आणि ती भोकं पण ओळीने, आधी खिडकीजवळची तीन पोरं, मग त्यांची पहिलीतली दोन भावंडं, मग मी. पण गैरहजर असतात त्यांचं तरी बरं. खरी अडचण तापात शाळेत येणाऱ्यांची. मागच्या वर्षी एक पोरगं सकाळच्या परिपाठालाच भिंतीला टेकून बसलेलं, कपाळ भाजत होतं. मी म्हटलं घरी जा बाळा. म्हणालं घराला कुलूप हाय, माय खुरपायला गेली, शाळेत खिचडी भेटती म्हून आलो. मग त्याला ऑफिसातल्या बाकड्यावर झोपवलं आणि ओली पट्टी ठेवत बसले, त्या वेळी चिऊचा ताप उतरून आठवडाही झाला नव्हता. त्याच्या मायला मी सांगू का, की १,७५० ची सुई दरवर्षी घे? तिची पाच-सहा दिवसांची मजुरी जाते, एका लेकरामागं. आशाताईला विचारलं तर ती म्हणाली आमच्या यादीत न्हाई ओ मॅडम, आली तर मीच पहिली घरोघर फिरंन. आणि ती फिरेल, गोवर-रुबेलाच्या वेळी बघितलंय मी तिला भर उन्हात लसीचा डबा खांद्याला लावून. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी तरी ही सरकारी यादीत यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावी, कारण आपलं लेकरू आजारी पडलं नाही तर ते दुसऱ्याला तरी देणार नाही, एवढाच माझ्या मनाचं समाधान करायचा मार्ग.

डब्यावरून आठवलं. ही लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते आणि गोठली तरी बाद होते. आशाताईंच्या डब्याला त्याची शिस्त असते. पण तालुक्याच्या गावी असलेल्या माझ्या मैत्रिणीला एका मेडिकलवाल्याने लस दिली ती पातळ कॅरीबॅगमध्ये बर्फाच्या खड्यांत कोंबून, आणि ती ४३ डिग्रीत स्कूटीवर अर्धा तास. एकीकडून गोठलेली, दुसरीकडून शिजलेली. तिच्या डॉक्टरांनी हातात घेतली आणि परत पाठवली, पैसे बुडाले ते वेगळेच. म्हणून शक्यतो डॉक्टरांकडच्याच फ्रिजमधली घ्या आणि लाजू नका, फ्रिज कुठंय विचारा. आमच्या डॉक्टरांचा फ्रिज मी उघडायला लावून बघितला, आत थर्मामीटर, दारात एकही बाटली नाही कारण दार उघडलं की तिथलंच आधी तापतं, आणि प्यायच्या पाण्याच्या बाटल्या, कंपाउंडरचा जेवणाचा डबा असलं काही नाही. कंपाउंडर माझ्याकडं बघत होता जसं काही मी तपासणीला आलेली विस्तार अधिकारी.

मृगाच्या आत म्हणता म्हणता यंदा रोहिणीतच बदाबदा ओतायलंय. आठ वाजल्यापासून लाईट नाही. मघाशी राहवलं नाही म्हणून त्याच कंपाउंडरला फोन लावला, दादा फ्रिजचं काय? तो झोपेतच असावा. म्हणाला, मॅडम फ्रिज इन्व्हर्टरवर हाय, आत्ताच बघून आलो, चार डिग्री. साडेनऊला या, दोन नंबर लावून ठिवतो, अन् तेवढी फाइल इसरू नका ह्या बारीला.